झोपेची तयारी सकाळपासून

दिवसभर पेंगत काढलेला माणूस रात्री अंथरुणाला पाठ टेकताच टक्क जागा होतो, ही तक्रार कामाच्या रगाड्यात अडकलेल्या लोकांकडून हमखास ऐकायला मिळते. दुपारच्या मीटिंगमध्ये पापण्या उघड्या ठेवता ठेवता पंचाईत झालेली असते. आणि आता, झोपायची मुभा मिळाल्यावर, उद्या कोण काय विचारेल याची डोक्यात उजळणी चाललेली असते. यावर ऐकू येणारी निदानं दोन: मोबाइल आणि टेन्शन. दोन्ही अगदीच खोटी नाहीत. पण त्यांच्यावर बोट ठेवून सुरू केलेले उपाय आठवड्याभरात बारगळतात, कारण ते सगळे रात्री १० नंतरचे असतात. तोवर त्या रात्रीचं बरंचसं ठरून गेलेलं असतं.

झोप येते ती दोन गोष्टींच्या मेळातून. १९८२ मध्ये झोपेचे अभ्यासक अलेक्झांडर बोर्बेली यांनी मांडलेलं हे गणित आजही झोपेच्या अभ्यासाचा पाया आहे. पहिली गोष्ट झोपेचा दाब. जागेपणी मेंदू ऊर्जा खर्च करतो, त्यातून अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. जितका वेळ जागे, तितका साठा मोठा आणि पेंग जास्त. झोपेत हा साठा उतरतो. दुसरी गोष्ट शरीराचं घड्याळ. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. बहुतेकांमध्ये तो २४ तासांहून किंचित मोठा दिवस मोजतो आणि रोज उजेड बघून स्वतःला जुळवून घेतो. हे घड्याळ दिवसा झोपेच्या दाबाविरुद्ध जोर लावतं, म्हणून तर संध्याकाळी दाब बराच चढलेला असतानाही आपण उभे असतो. आणि हा विरुद्ध जोर सर्वांत जास्त असतो तो नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीच्या दोन-तीन तासांत.

रोज १२ वाजता झोपणारा माणूस ‘आज लवकर झोपू’ म्हणून साडेनऊला आडवा होतो, तेव्हा तो नेमका या सर्वांत जाग्या पट्ट्यात झोपायला निघालेला असतो. तास-दीड तास कूस बदलण्यात जातो, चिडचिड होते, आणि ‘मला झोपच येत नाही’ हा समज आणखी घट्ट होतो.

एखाद्या डेडलाइनपायी एक रात्र बिघडली की दुसऱ्या दिवशी भरपाई सुरू होते. गजर दोनदा पुढे ढकलला जातो. अकराला एक आणि चारला एक अशी जादा कॉफी. दुपारी सोफ्यावर तासभर झोप, सुटीच्या दिवशी दहापर्यंत लोळणं. रात्री डोकं शांत व्हावं म्हणून एखादा पेग, नाहीतर दोन तास काहीबाही बघत बसणं. एकेक गोष्ट सुटी पाहिली तर शहाणपणाचीच वाटते. पण उशिरा उठल्यानं घड्याळ उशिरावर जातं, दुपारच्या लांब झोपेनं रात्रीसाठी साठलेला दाब उतरतो, कॉफी उरलेला दाब झाकून टाकते आणि दारू रात्रीचा उत्तरार्ध फोडते. कालच्या रात्रीची भरपाई अशी आजच्या रात्रीतून वळती होते. ज्या डेडलाइनपायी हे सुरू झालं ती कधीच उलटून गेलेली असते. भरपाई मात्र अंगवळणी पडून राहते.

ताण, झोप आणि वाईट सवयी हे तीन वेगळे आजार समजून तीन वेगळ्या औषधांमागे धावणाऱ्यांचं इथेच चुकतं. आपण ज्यांना वाईट सवयी म्हणतो, त्यांतल्या बऱ्याचशा म्हणजे अर्धवट झोपेवर उभा दिवस कसाबसा रेटण्याच्या युक्त्या असतात. युक्ती काढून घेतली आणि गरज तशीच ठेवली, तर माणूस दुसरी शोधतो. कॉफी सोडून गोड खायला लागतो, सिगारेट सोडून मध्यरात्रीपर्यंत फोन चाळतो. म्हणून साखळीतली अशी कडी आधी धरायची, जी ओढली की बाकीच्या आपोआप सैल होतील. ती कडी म्हणजे उठण्याची वेळ. झोप कधी लागावी हे आपल्या हातात नसतं. उठायचं कधी हे बहुतेकदा असतं.

आठवड्यातल्या ज्या दिवशी सर्वांत लवकर उठावं लागतं, ती वेळ सातही दिवसांची करायची. पहाटे उठण्याचे गोडवे गाणाऱ्यांकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. ७ वाजताची ठरलेली वेळ ही कधी ५, कधी ९ यापेक्षा कितीतरी चांगली. सध्या ८ ला उठत असाल आणि साडेसहा गाठायचे असतील, तर दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे या. सुटीच्या दिवशी सवलत फार तर तासाभराची. कामाच्या दिवसांत एक वेळ आणि सुटीत दोन-अडीच तास उशिराची दुसरी, असं चाललं की शरीर दर आठवड्याला विमानानं दुसऱ्या देशात जाऊन परत आल्यासारखं गोंधळतं. टिल रोनेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याला ‘सोशल जेटलॅग’ म्हटलं. आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी डोकं जड असण्याचा दोष आपण कामाला देतो, पण त्यात मोठा वाटा आदल्या दोन सकाळींचा असतो.

उठल्यावर पहिल्या तासाभरात उजेड. इथे डोळा फसवतो. नीट उजळलेल्या ऑफिसात ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजण्याचं एकक) उजेड असतो, बाहेर ढगाळ दिवशीही तो काही हजारांपासून १०,००० लक्सपर्यंत जातो आणि स्वच्छ उन्हात लाखाच्या घरात. डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि मेंदू सावरून घेतो, त्यामुळे हा फरक जाणवतच नाही. शरीराचं घड्याळ मात्र तो मोजतं. म्हणून खिडकीपासून तीन मीटर आत बसून प्यायलेला चहा आणि तोच चहा बाहेर उभं राहून प्यायलेला, यांत घड्याळाच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. २० ते ३० मिनिटं बाहेर, जमल्यास चालत, काळ्या चष्म्याशिवाय. सूर्याकडे थेट बघायचं अर्थातच नाही. अंधार असतानाच उठावं लागत असेल तर घरातले दिवे लावा आणि उजाडल्यावर १५ मिनिटं काढा. सकाळचा उजेड घड्याळ अलीकडे ओढतो, रात्री उशिराचा उजेड पलीकडे ढकलतो. (फिरत्या शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना यातलं बरंचसं लागू नाही. रात्रपाळीहून परतताना सकाळचा उजेड टाळावा लागतो. तो वेगळाच विषय आहे.)

आता कॉफी. कॅफिन झोपेचा दाब कमी करत नाही. ते मेंदूत अडेनोसिनच्या जागा अडवून बसतं, त्यामुळे साठा वाढत असूनही त्याची वर्दी पोचत नाही. परिणाम ओसरला की साठलेलं सगळं एकदम अंगावर येतं, आणि माणूस पुढचा कप मागवतो. शरीरातलं निम्मं कॅफिन बाहेर जायला साधारण ५ तास लागतात. समजा दुपारी ४ वाजता मोठा मग भरून कॉफी घेतली, त्यात २०० मिलिग्रॅम कॅफिन होतं. रात्री ९ ला १०० मिलिग्रॅम उरलं, पहाटे २ ला ५०. म्हणजे मध्यरात्री दोनला कुणी अर्धा कप कॉफी पाजावी तसंच झालं. हा वेगही सगळ्यांचा सारखा नसतो: धूम्रपान करणाऱ्यांत कॅफिन लवकर निघून जातं, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत बराच जास्त वेळ टिकतं, गरोदरपणात त्याहूनही जास्त. सिगारेट सोडणाऱ्याला पहिल्या काही दिवसांत तेवढीच कॉफी अचानक जास्त चढते, धडधडतं, झोप उडते, ते यामुळेही. सगळा दोष निकोटिन सुटण्याला देऊन तो पुन्हा सिगारेटकडे वळतो. सोडतानाच कॉफी निम्मी करणं हा साधा उपाय फार कमी जणांना सांगितला जातो.

क्रिस्टोफर ड्रेक आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या प्रयोगात झोपण्याच्या ६ तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननं झोप तासाभराहून जास्त कमी झाली. ‘मी कॉफी पिऊनही झोपतो’ असं म्हणणारे खोटं बोलत नसतात. त्यांना झोप लागते, पण गाढ झोपेचा वाटा घटतो, आणि तो घटल्याचं झोपलेल्याला कळत नाही. शेवटचा कप झोपेच्या आधी किमान ८ तास, हा हिशेब बहुतेकांना पुरतो. दिवसाची मर्यादा निरोगी प्रौढासाठी ४०० मिलिग्रॅम धरतात: कॉफीच्या मध्यम कपात ८० ते १०० असतं, चहाच्या कपात ३० ते ५०, आणि २५० मिलिलिटर एनर्जी ड्रिंकच्या डब्यात ८० च्या आसपास.

एका दिवसात सगळं बंद करण्याचा पराक्रम मात्र करू नये. १२ ते २४ तासांत डोकं ठणकायला लागतं, दुसऱ्या दिवशी ते सर्वांत वाईट असतं, आणि त्रास आठवडाभरही रेंगाळू शकतो. दिवसाचा शेवटचा कप आधी काढायचा, तीन-चार दिवस थांबायचं, मग त्याच्या आधीचा. सकाळचे एक-दोन कप खुशाल राहू द्यावेत.

दारूचं थोडक्यात: ती गुंगी लवकर आणते, म्हणून उपयोगी वाटते. पण पहिल्या अर्ध्या रात्रीत स्वप्नांची झोप दाबते आणि शरीरातली दारू उतरली की दुसऱ्या अर्ध्यात वारंवार जाग आणते. पहाटे ३ ला घामाघूम होऊन जाग येणं, छातीत धडधड, मग कामाचे विचार, हा क्रम अनेकदा कामाच्या ताणाच्या नावावर खपतो. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं यांनाही ती खतपाणी घालते. निकोटिन उत्तेजक आहे, त्यामुळे ‘झोपण्याआधीची शेवटची’ सिगारेट शांत करते असं वाटतं ते फक्त तलफ भागल्यामुळे.

मग टेन्शनचं काय? इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र गुंतलेले असतात: काम किती आहे, आणि काम संपल्यावर ते डोक्यातून उतरतं का. आधी दुसरा घेऊ, कारण त्याला लगेच हात घालता येतो.

अर्धवट राहिलेलं काम मनात घोळत राहतं, हे आपल्याला अनुभवानं माहीत असतं. ते थांबायला काम पूर्णच व्हावं लागतं असं नाही. मासिकांपो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं की अपुऱ्या कामाचा ठोस बेत लिहून ठेवला तरी त्याची टोचणी बरीच कमी होते. २०१८ मध्ये मायकेल स्कलिन यांच्या गटानं झोपेच्या प्रयोगशाळेत ५७ तरुणांना झोपण्याआधी ५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, काहींनी झालेली कामं. करायची कामं लिहिणारे सरासरी ९ मिनिटं आधी झोपले, आणि ज्यांची यादी जास्त तपशीलवार ते अधिक लवकर. ९ मिनिटं हा आकडा लहान वाटेल, पण झोपेच्या कितीतरी गोळ्यांचा परिणामही असाच मिनिटांत मोजण्याएवढा असतो.

प्रत्यक्षात हे असं करायचं. कामाची शेवटची १५ मिनिटं कॅलेंडरवर अडवून ठेवा, त्या वेळेत मीटिंग घ्यायची नाही. कागदावर तीन गोष्टी: काय अर्धवट आहे, त्यातली पुढची एक कृती कोणती, आणि ती उद्या किती वाजता करणार. ‘बजेट’ असं लिहिलं तर काहीच साधत नाही. ते शीर्षक झालं. ‘बजेटच्या तक्त्यातले तिसऱ्या तिमाहीचे आकडे तपासून साडेनऊला लेखा विभागाला पाठवणे’ असं लिहिलं की मन त्यावरचा पहारा सोडतं. ज्याबाबत कुणाच्या तरी उत्तराची वाट आहे, त्यापुढे त्या माणसाचं नाव आणि किती दिवस वाट बघायची ते. मग उद्याचं पहिलं काम टेबलावर काढून ठेवायचं, ईमेल बंद, लॅपटॉप बंद, झाकण लावून. घरून काम करणाऱ्यांनी तो बॅगेत घालून नजरेआड ठेवावा. हा पोरकटपणा वाटतो, पण जेवणाच्या टेबलावर उघडा लॅपटॉप हे न संपलेलं काम असतं.

हे फसतं ते तीन कारणांनी. एक, यादी ३० कामांची होते आणि वाचूनच धाप लागते. उद्यासाठी तीन पुरेत, बाकीची वेगळ्या पानावर. दोन, ती फोनवर लिहिली जाते, आणि फोन हातात आला की लिहिणाऱ्याची वाट चुकते. तीन, ती अंथरुणात लिहिली जाते. कागद उशाशी असायला हरकत नाही, रात्री काही आठवलं तर एक ओळ टिपायला. मुख्य लिखाण मात्र खुर्चीतच उरकायचं.

काम संपल्यावर लगेच माणूस घरचा होत नाही, मध्ये २० ते ३० मिनिटांची फट लागते. ऑफिसातून घरी येण्याचा प्रवास ती फट कितीही कटकटीनं का होईना देत होता. घरून काम सुरू झाल्यावर ती गेली आणि अनेकांच्या संध्याकाळी बिघडल्या, तरी दोष स्क्रीनला लागला. चालायला बाहेर पडणं हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोजची ही अर्ध्या तासाची चाल त्यातला बराच भाग भरून काढते. संध्याकाळचा व्यायाम झोप बिघडवतो हा समज जुना आहे. दमछाक करणारा व्यायाम झोपण्याच्या तासाभर आधी संपलेला असला म्हणजे झालं.

रात्रीच्या फोनबद्दल मात्र माझं मत रूढ सल्ल्यापेक्षा वेगळं आहे. निळ्या उजेडाचा बागुलबुवा जरा जास्तच मोठा झाला आहे. २०१५ च्या एका काटेकोर प्रयोगात झोपेआधी काही तास उजळ पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला साधारण १० मिनिटं जास्त लागली. पिवळा फिल्टर लावून रात्री ११ वाजता वरिष्ठांचा ईमेल वाचणारा याहून कितीतरी जास्त गमावतो. उजेडापेक्षा पडद्यावर काय आहे ते आणि त्यापायी लांबणारी वेळ, यांचं नुकसान मोठं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या फ्लोर क्रूसे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये झोपण्यातल्या चालढकलीचा अभ्यास केला: कुठलंही बाहेरचं कारण नसताना, परिणाम माहीत असूनही, झोपायला जाणं पुढे ढकलत राहणं. हे नुसत्या आळसानं होत नाही. ज्याचा अख्खा दिवस दुसऱ्यांच्या मागण्यांनी भरलेला असतो, त्याला रात्री ११ ते १ हाच वेळ स्वतःचा वाटतो, आणि तो सोडवत नाही. अशा माणसाला ‘फोन बाजूला ठेव’ सांगून उपयोग नसतो. त्याला संध्याकाळी ८ ते साडेआठ असा अर्धा तास द्यावा लागतो, ज्यात तो कुणाचंही देणं लागत नाही. घरातल्यांशी बोलून तो वेळ ठरवणं हा माझ्या लेखी झोपेचाच उपाय आहे. त्यानंतर चार्जर शयनगृहाबाहेर आणि गजरासाठी साधं घड्याळ. रात्री तातडीचे फोन येऊ शकणारे असतील तर दोन-तीन नंबर सोडून बाकी सगळं मुकं करता येतं. फोन दाराबाहेर, आवाज मोठा.

पुढच्या उपायांकडे जाण्याआधी एक निवड करावी लागते, आणि ती बहुतेक लेखांत गाळली जाते. झोप येत नाही, की झोपेला वेळच दिला जात नाही? दोघेही ‘माझी झोप नीट होत नाही’ असंच म्हणतात, पण उपाय एकमेकांच्या उलट आहेत. दुपारी अंधाऱ्या खोलीत आडवं होताच पाच-सात मिनिटांत डोळा लागत असेल, सुटीला गजराशिवाय दोन तास जास्त झोपत असाल, तर ती झोपेची तूट आहे. तिला अंथरुणातला वेळ वाढवण्यावाचून इलाज नाही. दुपारी आडवं होऊनही झोप येत नसेल, अंग थकलेलं पण डोकं ताठ, तर तो निद्रानाशाचा प्रकार.

तुटीची वाईट गोष्ट ही की ती जाणवेनाशी होते. हान्स व्हॅन डाँगेन आणि डेव्हिड डिंजेस यांच्या २००३ च्या प्रयोगात १४ दिवस रोज ६ तास झोपणाऱ्यांच्या लक्ष देण्यातल्या चुका दिवसागणिक वाढत गेल्या. शेवटी त्या अख्खी रात्र जागलेल्या माणसाच्या पातळीला पोचल्या. ते स्वतः मात्र ‘आता जरा झोप येते, पण चाललंय’ असंच नोंदवत होते. ‘मला सहा तास पुरतात’ या वाक्यावर म्हणूनच ते बोलणाऱ्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. प्रौढांसाठी ७ तास किंवा जास्त, अशी शिफारस आहे. अशा तुटीवर दुपारची १५-२० मिनिटांची डुलकी चालते, ३ वाजण्याआधी, गजर लावून. अर्ध्या तासापलीकडे गेलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि पुढचा अर्धा तास डोकं बधिर.

निद्रानाशाचे उपाय वेगळे. रिचर्ड बुटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितलेला पहिला: अंथरूण आणि जागरण यांची सांगड मोडायची. पेंग आल्यावरच आडवं व्हायचं, नुसत्या थकव्यावर नाही. अंदाजे २० मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत, मंद दिव्यात, खुर्चीवर बसायचं; पेंग आली की परत. कितीदाही. सकाळी उठण्याची वेळ तीच. लोक चुकतात ते असे: २० मिनिटं घड्याळात मोजतात, आणि ते मोजणंच जागं ठेवतं, म्हणून घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवावं. उठल्यावर ‘वेळ वाया नको’ म्हणून ईमेल उघडतात. किंवा सोफ्यावर लवंडून तिथेच झोपतात, मग सांगड सोफ्याशी जुळते. आधी वाचून झालेलं पुस्तक, कपड्यांच्या घड्या, असलं रटाळ काम यासाठी उत्तम.

दुसरा उपाय आर्थर स्पीलमन यांचा, १९८७ चा, आणि तो ऐकताना उफराटा वाटतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे पाय किती पसरतात ते पाहून अंथरूण कापायचं. दोन आठवडे रोज सकाळी लिहायचं: किती वाजता आडवे झालो, अंदाजे किती झोपलो, कधी उठलो. समजा ८ तास अंथरुणात आणि सरासरी झोप साडेपाच तास. मग पुढच्या आठवड्यात अंथरुणातला वेळ साडेपाच तासच. उठायचं ६ ला, म्हणून रात्री साडेबाराआधी आडवं व्हायचं नाही. ५ तासांच्या खाली कधीही जायचं नाही. आठवड्याअखेर झोपेचे तास भागिले अंथरुणातले तास, गुणिले १००. उत्तर ८५ च्या वर आलं तर १५ मिनिटं वाढवायची, ८० च्या खाली तर १५ मिनिटं कमी, मधलं आलं तर तसंच ठेवायचं. पहिले दोन आठवडे दिवस वाईट जातात. बहुतेक जण दहाव्या दिवशी सोडून देतात आणि उपाय खोटा ठरवतात. अपस्मार किंवा बायपोलर आजार असेल, झोपेत श्वास अडकत असेल, लांबचं ड्रायव्हिंग किंवा यंत्रावर काम असेल, तर हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नको.

यापुढे किरकोळ मदतगार आहेत. झोपण्याआधी तास-दीड तास १० मिनिटं कोमट-गरम पाण्यानं आंघोळ. त्वचेकडे रक्त येतं, आतली उष्णता बाहेर पडते आणि शरीराचं तापमान उतरायला लागलं की झोप लवकर लागते. मिनिटाला सहा श्वास, उच्छ्वास जास्त लांब, असा ५ मिनिटांचा संथ श्वास घेतला की धडधड शमते. जेवण दोन-तीन तास आधी. झोप कमी झालेल्या दिवशी भूक वाढते आणि नजर गोड-तळलेल्याकडे जाते, तेव्हा दुपारी काय खायचं हे सकाळीच ठरलेलं असावं.

सगळं एकदम सुरू करू नये. आधी उठण्याची वेळ आणि उजेड, दोन आठवड्यांनी शेवटची कॉफी, त्यानंतर दिवसअखेरची १५ मिनिटं. फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात एखादी कृती विनासायास व्हायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण माणसागणिक तो १८ ते २५४ इतका पसरलेला. एखादा दिवस चुकल्यानं काही बिघडलं नाही. ‘२१ दिवसांत सवय’ हा मंत्र विसरलेला बरा.

आणि पहिला प्रश्न, काम किती आहे? २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून काढलेला निष्कर्ष असा: आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजारानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. इतके तास दर आठवड्याला भरणाऱ्याला श्वास मोजायला सांगणं ही थट्टा आहे. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की नुसत्या कामाच्या ओझ्यापेक्षा ओझं जास्त आणि अधिकार कमी ही जोडी माणसाला मोडते. त्यामुळे तास लगेच कमी होत नसतील तर थोडा ताबा तरी मागावा: ईमेलला दिवसातून तीन ठरलेल्या वेळा, सकाळचे दोन तास मीटिंगविना, नवं काम आलं की ‘यासाठी कुठलं मागे सारू?’ हा लेखी प्रश्न. हाताखाली माणसं असणाऱ्यांनी रात्री सुचलेला ईमेल सकाळी ८ ला जाईल असा लावून ठेवावा. ‘सावकाश उत्तर दे’ असं त्यात लिहिल्यानं समोरच्याची झोप वाचत नाही. तो वाचून झालेला असतो.

काही गोष्टी सवयींच्या कक्षेतच येत नाहीत. मोठ्यानं घोरणं, शेजारच्यानं श्वास थांबलेला पाहणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा बसल्या जागी डोळा लागणं, रक्तदाब, ४० सेंटिमीटरहून जाड मान, यांतली दोन-तीन लक्षणं असतील तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराची, तपासणी आधी. संध्याकाळी पाय हलवल्याशिवाय चैन पडत नसेल तर रक्तातलं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) बघतात. अहवालात ‘नॉर्मल’ दिसणारा आकडाही या त्रासासाठी कमी असू शकतो. रोज पहाटे लवकर जाग आणि सकाळीच मन सर्वांत खिन्न, तर नैराश्याचा विचार व्हायला हवा. आठवड्यात ३ रात्री, ३ महिने झोप बिघडलेली असेल तर तो जुनाट निद्रानाश. त्यावर पहिला उपचार म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्ये गोळ्यांआधी वर्तनोपचार सुचवला, ज्याचा गाभा वर सांगितलेले दोन उपायच आहेत. बऱ्याच दिवसांपासून झोपेच्या गोळ्या घेत असाल तर त्या मनानं एकदम बंद करू नका. उसळून आलेलं जागरण, आणि काही गोळ्यांच्या बाबतीत झटकेही, येऊ शकतात.

डॉक्टरांकडे जाताना घड्याळानं किंवा बँडनं काढलेला झोपेचा आलेख नेण्यापेक्षा हातानं लिहिलेली दोन आठवड्यांची नोंद न्या. ही यंत्रं किती तास झोपलात हे बरं सांगतात, गाढ झोप किती हे फारसं विश्वासानं सांगता येत नाही, आणि त्यांचा गुण कमी आला म्हणून चांगला झोपलेला माणूसही दिवसभर खट्टू राहतो. नोंदीत आडवं होण्याची, उठण्याची वेळ, रात्री किती वेळा जाग आली, कॉफीची शेवटची वेळ, दारू, डुलकी, चालू असलेली सगळी औषधं. शेजारी झोपणारं कुणी असेल तर त्यांनाही सोबत न्या, आणि जमल्यास फोनवर घोरण्याचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग.